वर्गणीला नियम लावा, पण देणाऱ्याला नाही

दारव्हा तालुक्यातल्या एका तरुणाने विचारलंय ते थोडक्यात असं. गाव साधारण तीनशे घरांचं. नवरात्रात देवी बसते, तिचा चंदा दरवर्षीचा. यंदा त्यावर मारुतीच्या मंदिराचा जीर्णोद्धार निघाला, आणि मधेच एका पोराचा अपघात झाला म्हणून त्याच्या उपचारासाठीही पैसे जमा झाले. तिन्ही पैसे एकाच खजिनदाराच्या फोनवर. मागच्या सालचा हिशोब कोणी दाखवत नाही, बाहेरचे लोक कुठल्याशा अनाथाश्रमाची पावतीबुकं घेऊन गल्लोगल्ली फिरतात, गावात कुरबुर आहे. त्यावर ग्रामसभेत ठराव येतोय: ग्रामपंचायतीच्या शिक्क्याशिवाय गावात कोणी काही मागायचं नाही, आणि गावच्या कामाला घरटी १,००१ रुपये सक्तीचे. तुम्ही विचारता, हा ठराव चालेल का, आणि यानं लोकांचं मनापासून देणं आटेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. आटेल, आणि दोन-तीन वर्षांतच. रक्कम ठरली की लोक तेवढीच देतात. जो ५,००१ देत होता तो १,००१ वर येतो, कारण त्याचा वाटा फिटला. जो १०१ देऊन महाप्रसादाला दोन दिवस पंगती वाढायचा, त्याच्याजवळ १,००१ नसतात. तो पैसे देत नाही आणि वाढायलाही येत नाही, चारचौघांत तोंड कसं दाखवायचं म्हणून. पहिल्या वर्षी बेरीज वाढलेली दिसते, समिती खूश होते. तिसऱ्या वर्षी भांडी घासायलाही मजुरीची माणसं लावावी लागतात.

गावाचा राग आहे तो हिशोब न मिळाल्याचा. ठराव मात्र बंधन घालतोय देणाऱ्याला. दुखणं गुडघ्याचं आणि पट्टी कपाळाला. किती द्यायचं, कधी द्यायचं, कशाला द्यायचं, की द्यायचंच नाही, हे देणाऱ्यावर सोडा. मागायला कोण जाईल, हातात काय घेऊन जाईल, पैसा कुठे ठेवील आणि हिशोब कोणत्या तारखेला सांगेल, यात मात्र सूतभरही ढिलाई नको. खालचं सगळं याच एका गोष्टीचा पसारा आहे.

आधी सक्तीचं कायद्याच्या बाजूने पाहू. ग्रामपंचायतीला कर बसवायचा अधिकार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने दिलाय, आणि कोणते कर ते त्यातच लिहिलंय. देवीची किंवा देवळाची वर्गणी त्यात नाही. त्यामुळे वर्गणी दिली नाही म्हणून रहिवासी दाखला अडवणं, नळ तोडणं हे कशातच बसत नाही. त्याच्याही पुढे जाऊन ‘याच्या घरी कोणी जाऊ नका, याच्या वावरात मजूर जाणार नाही’ असं झालं, तर महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा लागतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. धाक दाखवून पैसे काढणं भारतीय न्याय संहितेत खंडणी आहे, कलम ३०८. रस्त्यावर दोरी बांधून गाड्या थांबवणारी पोरं या कलमाच्या किती जवळ उभी असतात हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. मेळघाटात होळीनंतर कोरकू बायामाणसं वाट अडवून फगवा मागतात, ती गोष्ट निराळी. तिथे गाणं असतं, हसणं असतं, दहा रुपये दिले तरी वाट मोकळी होते आणि नाही दिले तरी होते. सक्ती कुठे सुरू होते ते ‘नाही’ म्हटल्यावर काय होतं यावरून ओळखायचं.

आता परवानगी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५०, हा आपला मुख्य कायदा. नोंदणी नसलेल्या मंडळाने धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. अर्ज ऑनलाइन होतो. सभासदांचा ठराव, ओळखपत्रं, जागेचं संमतीपत्र आणि मागच्या वर्षीचा हिशोब एवढी कागदपत्रं साधारण मागतात. परवानगी न घेता वर्गणी केली तर कलम ६६ क प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद आणि जमवलेल्या रकमेच्या दीडपटीपर्यंत दंड. खेड्यात फार थोडी मंडळं ही परवानगी काढतात हे खरं. पण गावात दोन गट पडले की तक्रारीचं पहिलं हत्यार हेच असतं. बरं, त्या अर्जाला मागचा हिशोब जोडावा लागतो, म्हणजे जे काम गावकरी खजिनदाराला सांगून दमले ते एक कागद करून घेतो. ग्रामपंचायतीचा शिक्का या परवानगीची जागा घेत नाही. आणि शिक्का मारून सरपंच उगाच वर्गणीचे जामीनदार होऊन बसतात.

इथून पुढे बरंच परिस्थितीवर आहे. देवी मंडळ वर्षातून दहा दिवस जिवंत असतं, त्याला ४१ क पुरतं. मंदिराचं तसं नाही. तिथे जमीन आहे, इमारत आहे, कायमचं उत्पन्न आहे, म्हणून तिथे न्यासाची (ट्रस्टची) नोंदणीच हवी. आधी चौकशी करा, तुमचं मारुती मंदिर बहुधा कधीतरी नोंदलेलं असेल. धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा, म्हणजे न्यासाच्या नोंदीचा, उतारा काढा. जुन्या गावांत सर्रास असं निघतं की न्यास पन्नास-साठ वर्षांपूर्वी नोंदलेला आणि त्यावरचे सगळे विश्वस्त देवाघरी गेलेले. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो, तो कोणी दिलेला नसतो. तो निस्तरल्याशिवाय बँक खात्यावरच्या सह्या बदलत नाही, आणि मग जीर्णोद्धाराचा पैसा पुन्हा कोणाच्या तरी फोनवर जातो. म्हणून वकिलाच्या फीसाठी वेगळी वर्गणी करावी लागली तरी चालेल, पण स्लॅबच्या आधी हे काम.

मंदिराचा विषय आहेच तर जमिनीचंही सांगतो. सभामंडपासाठी ‘दोन गुंठे देवाला दिले’ असं पारावर कोणीतरी म्हणतं, टाळ्या होतात, आणि तिथेच पाया खोदतात. स्थावर मालमत्तेचं दान नोंदणीकृत दानपत्राशिवाय होत नाही, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. देणारा असेपर्यंत कोणी काही बोलत नाही. तो गेला की वारसांची नावं सातबाऱ्यावर चढतात आणि मंडप दुसऱ्याच्या वावरात उभा असतो. जमीन भोगवटादार वर्ग २ ची (विकण्या-देण्यावर सरकारी बंधन असलेली) किंवा आदिवासी खातेदाराची असेल तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, मग दानपत्र. आपल्याकडे भूदानाचं उदाहरण समोर आहे. १९५१ ला चळवळ सुरू झाली तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशात होता, म्हणून इथल्या भूदानाला १९५३ चा मध्य प्रदेश भूदान यज्ञ अधिनियम लागला. विनोबांनी पवनारहून निघून माणसांच्या मनाला हात घातला आणि लोकांनी खरोखर जमिनी दिल्या. त्या देण्याला तोड नाही. पण ताबा कोणाचा, नोंद कुठे, याचे वाद पुढच्या पिढ्या कचेऱ्यांमध्ये निस्तरत राहिल्या. दानत मोठी होती, कागद कच्चा होता.

आता पावतीबुकाकडे येऊ, कारण निम्मी भांडणं तिथेच जन्मतात. छापखान्यात एकदम सगळी पुस्तकं छापा: ५० पावत्यांची २० पुस्तकं, क्रमांक १ ते १,०००, प्रत्येक पावतीची स्थळप्रत, म्हणजे पुस्तकातच राहणारी प्रत. छापखान्याच्या बिलावर ‘२० पुस्तकं, १ ते १,०००’ असं लिहून घ्या आणि ते बिल जपा. उद्या २१ वं पुस्तक कुठून आलं असा प्रश्न आला तर उत्तर त्याच बिलात आहे. पावतीवर मंडळाचं नाव, साल, काम कोणतं, ४१ क च्या परवानगीचा क्रमांक, रक्कम आकड्यात आणि अक्षरात, रोख की फोनवरून की धान्य, आणि घेणाऱ्याची सही. अक्षरातली रक्कम गाळली की १०० चे १,००० करायला एक शून्य पुरतं. मंदिराचं, देवीचं आणि पोराच्या उपचाराचं पुस्तक वेगवेगळ्या रंगाच्या कागदावर छापा. वेगळ्या रंगाचं पुस्तक हातात असलं की पैसे आपोआप वेगळे राहतात.

पुस्तक देताना एका वहीत नोंद: पुस्तक कितवं, क्रमांक कुठून कुठपर्यंत, कोणाला दिलं, तारीख, सही, परत आल्याची तारीख. देण्याआधी सचिवाने प्रत्येक स्थळप्रतीवर छोटी सही करायची. वीस पुस्तकांना अर्धा दिवस जातो, पण बनावट पुस्तक लगेच उघडं पडतं. चुकलेली पावती फाडून फेकायची नाही. दोन्ही प्रती एकत्र टाचून ‘रद्द’ लिहायचं. उरलेल्या कोऱ्या पावत्यांवर तिरपी रेघ.

संध्याकाळचा हिशोब कसा दिसतो तेही पाहा. समजा सातवं पुस्तक, क्रमांक ३०१ ते ३५०. आज ३४३ पर्यंत फाडलं, म्हणजे ४३ पावत्या. त्यातल्या दोन रद्द, राहिल्या ४१. रोखीच्या २६, फोनवरच्या ९, धान्याच्या ६. हे ४१ जुळले तरच नोटा मोजायला घ्यायच्या. नोटा मोजताना तिघं जण, मंदिराच्या ओट्यावर, दिव्याखाली, घरात नाही. पाचशेच्या किती, शंभराच्या किती, चिल्लर किती, याची चिठ्ठी करून तिघांच्या सह्या, आणि चिठ्ठी त्या पुस्तकालाच टाचायची. रक्कम जास्त भरली तरी ती चूकच धरा. जास्त पैसे म्हणजे कुठेतरी पावती न देता घेतलेले पैसे. हातात पाच हजारांपेक्षा जास्त रोकड ठेवायची नाही, बाकी बँकेच्या पुढच्या कामाच्या दिवशी भरायची. ‘उद्या लिहितो’ म्हणून खिशात राहिलेले पन्नास रुपये चोरीचे नसतात, पण दहाव्या दिवशी ते कशाचे होते हे कोणालाच आठवत नाही.

एक बारकी गोष्ट, पण देण्याच्या संस्कृतीवर हिचाच परिणाम सगळ्यात मोठा. मागायला जाणारी पोरं पुस्तकाचं पहिलं पान मुद्दाम उघडून दाखवतात: ‘बघा काका, पाटलांनी पाच हजार एक लिहिले.’ रोजमजुरीवाल्याला ते पान दाखवणं म्हणजे सक्तीच, फक्त आवाज न चढवता केलेली. आधीच्या पावत्या दाखवायच्या नाहीत असा नियमच करा. पुस्तकं वॉर्डानुसार वाटा. दारात अकरा जणांचं टोळकं नको, दोघं-तिघं पुरे, त्यात एखादी वयाने मोठी बाई असावी. घरात बाई एकटी असेल तर ‘पुन्हा येतो’ म्हणून निघायचं. आणि ‘यंदा नाही जमत’ हे उत्तर वहीत लिहायचं नाही. न देणाऱ्यांची यादी हा कागद तयारच होऊ नये.

कधी मागायचं हाही नियमाचाच भाग धरा. तुमच्या भागात सोयाबीन ऑक्टोबरला घरात येतं, कापसाचा पैसा नोव्हेंबरनंतर, तूर जानेवारी-फेब्रुवारीत. गणपती आणि देवी नेमके त्याआधी येतात, जेव्हा खत-फवारणीत हात रिकामा झालेला असतो आणि कृषी केंद्राची उधारी डोक्यावर असते. त्या वेळी १,००१ मागितले की माणूस उसने आणून देतो आणि वर्षभर मनात ठेवतो. देवीचा खर्च त्या वेळी जमेल तेवढ्यात बसवा. मंदिरासारखं मोठं काम कापूस विकल्यावर काढा. कोणी आज तोंडी कबूल केलं तर ती कबुली वेगळ्या कागदावर लिहा, पण ती येणं म्हणून हिशोबात धरू नका आणि वसुलीला जाऊ नका. बोंडअळीने किंवा परतीच्या पावसाने पीक धुऊन नेलेल्या साली कबुली आपोआप संपली असं समितीने स्वतःहून जाहीर केलं, तर पुढच्या साली लोक दुप्पट मनाने देतात.

धान्य आणि वस्तू. पैशापेक्षा धान्य देणं आपल्या लोकांना सोपं जातं, ते बंद पडू देऊ नका. पण पायलीने घेऊ नका, काट्यावर किलोत घ्या. घरोघरच्या पायल्या सारख्या नसतात. पावतीवर किलो लिहायचे, रुपये नाहीत. भाव विकल्यावर ठरेल. विकायचं असेल तर बाजार समितीत मंडळाच्या नावाने विका आणि काटापट्टी, हिशोबपट्टी (वजनाची आणि विक्रीची पावती) फाइलला लावा. सोयाबीनला हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते, त्यामुळे ओलं सोयाबीन तीन क्विंटल घेतलं तर वाळून तेवढंच भरणार नाही. कापूस सकाळी दवात वेचलेला असला की जड भरतो आणि दुपारपर्यंत हलका होतो. ही घट आधीच सांगून ठेवली नाही तर लोक म्हणणार, ‘तीन क्विंटल देल्लं होतं, दोन ऐंशी कसं झालं?’ घटीसाठी वहीत वेगळा रकाना ठेवा, भांडण तिथेच मिटतं.

सिमेंटचंही असंच. जीर्णोद्धाराला लोक हौसेने ५० किलोची पोती देतात, पण काम सुरू व्हायला सहा महिने लागतात, मधे पावसाळा जातो आणि पोत्याचा दगड होतो. सिमेंट साधारण तीन महिन्यांत वापरायचं असतं. म्हणून पोतं घेऊ नका, दुकानदाराकडे दात्याच्या नावाने चिठ्ठी जमा करून घ्या आणि स्लॅबच्या आठवड्यात माल उचला. ट्रॅक्टरच्या खेपा, गवंड्याचा एक दिवस, श्रमदानाचे तास यांची वेगळी यादी करा, त्याचे रुपये करत बसू नका. हिशोब वाचताना मात्र ती यादी पैशांच्या यादीच्या आधी वाचा. एवढ्याने मजूर माणूस पुढच्या वेळी मान वर करून येतो.

फोनवरचे पैसे ही तुमच्या गावची सगळ्यात मोठी अडचण. खजिनदार प्रामाणिक आहे असं धरून चालू. तरीही वैयक्तिक खात्यात तीन धोके असतात. घरखर्च आणि वर्गणी मिसळते आणि त्यालाही आठवेनासं होतं. ऑनलाइन फसवणुकीतला एखादा पैसा त्या खात्यात येऊन गेला तर पोलिसांच्या सूचनेवरून बँक खात्यातली रक्कम अडवते आणि ऐन उत्सवात गावाचे पैसे अडकतात. तिसरं बोलायला कडू आहे: खातेदार अचानक गेला तर ती रक्कम वारसांच्या हाती जाते आणि गाव दुःखाच्या घरी हिशोब मागायला उभं राहतं. मंडळाच्या नावाने खातं उघडा. नोंदणी नसलेल्या मंडळालाही बँक खातं देऊ शकते. ठराव, मंडळाचं पॅन किंवा पॅन नसल्याचा फॉर्म, आणि सह्या करणाऱ्यांची ओळखपत्रं लागतात. शाखेप्रमाणे थोडंफार कमीजास्त मागतात, म्हणून उत्सवाच्या दोन महिने आधी जा. खातं दोन सह्यांचं ठेवा. अशा खात्यातून फोनवर पैसे काढता येत नाहीत याची पोरं तक्रार करतात. तेच तर कुलूप आहे. पैसे येण्यासाठीचा क्यूआर बँकेकडून घ्या, आणि मंडपात लावलेल्या क्यूआरवर रोज सकाळी एक रुपया पाठवून नाव तपासा. वरून दुसरं स्टिकर चिकटवून जाणारे लोक असतात.

पुण्या-मुंबईला गेलेली गावची पोरं विचारतात, देणगीवर आयकराची सूट, जिला ८०जी म्हणतात, ती मिळेल का? देवीला आणि मारुतीला साधारणतः नाही. ८०जी ची मान्यता शाळा, दवाखाना अशा धर्मादाय कामाच्या संस्थांना असते, आणि तिथेही २,००० च्या वर रोख दिलेल्याला सूट नाही. गुप्तदानाबद्दलही असंच. देवळाच्या दानपेटीतलं निनावी दान ठीक. पण धर्मादाय संस्था चालवत असाल, तर एक लाख किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यांतलं जे जास्त, त्याच्या वरच्या निनावी रकमेवर ३० टक्के कर लागतो. तिथे नाव-पत्ता वहीत घ्या आणि फलकावर ‘गुप्तदान’ लिहा. परदेशातला गावकरी भारतीय पासपोर्टवर असेल तर त्याने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा चालतो. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर तो विदेशी देणगी कायद्याखाली येतो, आणि ती परवानगी नसलेल्या संस्थेने त्याचा डॉलरही घेऊ नये. लकी ड्रॉची कुपनं विकून पैसे उभे करायची कल्पना दर दोन वर्षांनी कोणाला तरी सुचते. सरकारच्या परवानगीशिवाय लॉटरी हा गुन्हा आहे, तिथे पाऊल टाकू नका.

अपघातग्रस्त पोराचा पैसा तिसऱ्या जातीचा आहे. एका घरासाठी गोळा केलेला पैसा कायद्याने सार्वजनिक न्यास होतोच असं नाही, पण तिथे भावना सगळ्यात तीव्र आणि घाई सगळ्यात जास्त, म्हणून चुकाही तिथेच होतात. पैसे मागण्याआधी दोन गोष्टी विचारा. उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतो का? आणि रुग्णालय धर्मादाय आहे का? धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात, बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. तिथला समाजसेवक गाठा, फॉर्म भरा. मग जो खड्डा उरतो तेवढ्यासाठीच गावाकडे या, आणि आकडा सांगून या. आलेला पैसा थेट रुग्णालयाच्या खात्यात भरा. नागपूरला नातेवाइकांचं राहणं, जेवण, एसटी यासाठी काही रक्कम आधीच ठरवून घरच्यांच्या हाती द्या, त्याची बिलं मागू नका. औषधाच्या पैशाने वडापाव खाल्ला असा आरोप मी फार ऐकलाय, आणि तो दर वेळी अन्यायाचा असतो. पैसे उरले तर कुठे जातील ते पावतीवरच छापा. आणि त्या पोराचा पट्ट्या बांधलेला फोटो गटागटांत फिरवू नका.

बाहेरून येणाऱ्या पावतीबुकवाल्यांसाठी नियम साधा ठेवा. नोंदणी क्रमांक विचारायचा. त्यात एक अक्षर आणि जिल्ह्याचं नाव असतं, सोसायटी म्हणून नोंदलेल्या न्यासाला बहुधा ‘एफ’. मग संस्थेच्या नावाचं बँक खातं विचारायचं, कोणा माणसाच्या नावाचं नाही. खरी संस्था असेल तर ‘खात्यावर पाठवतो’ म्हटल्यावर तिचा माणूस खूश होतो. बनावट असेल तर रोखीवर अडून बसतो.

पण तुमच्या ठरावातलं ‘कोणी काही मागायचं नाही’ हे वाक्य काढाच. त्यात पहाटे टोपी घालून येणारा वासुदेव जातो, नाथजोगी जातो, नंदीबैलवाला जातो, भिक्षेला आलेले भंतेजीही जातात. भिक्षा आणि वर्गणी एक नव्हेत. भिक्षेत देणारा ओंजळ देतो आणि विसरतो, तिथे हिशोब मागायचा नसतो. वर्गणीत देणारा एका कामासाठी पैसे सोपवतो, तिथे हिशोब त्याच्या हक्काचा. आणि अनोळखी माणसाबद्दल संशय वाढवणारा ठराव कुठवर जातो तेही लक्षात असू द्या. २०१८ साली धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षेकरी समाजाच्या पाच जणांना निव्वळ अफवेवरून जमावाने ठार मारलं. शंका आली तर पोलीस पाटलाला सांगा, एवढंच ठरावात लिहा.

मग ठरावात काय लिहायचं? फार नको. वर्गणी ऐच्छिक आहे आणि न देणाऱ्याचं नाव कुठेही लिहिलं वा बोललं जाणार नाही. गावच्या नावाने मागणारं प्रत्येक मंडळ आपली परवानगी, पुस्तकांचे क्रमांक आणि खात्याचं नाव चावडीवर लावेल. एका कामाचा पैसा दुसऱ्या कामाला लागणार नाही, उरला तर कशाला लागेल ते आधी सांगेल. आणि उत्सव संपल्यावर पंधरा दिवसांच्या आत, मुनादी (दवंडी) देऊन, जमाखर्च वाचून दाखवेल. पुढचं पुस्तक त्यानंतरच छापलं जाईल. ग्रामसभेचा असा ठराव हा काही कायदा नाही, मोडला तर तुरुंग नाही. पण हिशोब न वाचलेल्या मंडळाला पुढच्या साली दार बंद, एवढा धाक त्याला पुरतो.

हिशोब वाचताना दात्यांची नावं रकमेच्या उतरत्या क्रमाने नको, पावती क्रमांकाने वाचा. खर्चाची बाजू मोठ्याने वाचा, कारण प्रश्न तिथेच असतात: मंडपवाला, डीजे, किराणा, विजेचं मीटर. मीटर तात्पुरतं घेतलं होतं की आकडा टाकला होता, हेही लोक विचारणार, तयारीत राहा.

शेवटी मागच्या सालच्या हिशोबाचं. जुन्या खजिनदाराला सभेत घेरू नका. आठ दिवस आधी त्याच्या घरी दोन जाणती माणसं पाठवा, सोबत कोरी वही द्या. फोनच्या खात्याचं नवरात्राच्या महिन्याचं आणि पुढच्या महिन्याचं स्टेटमेंट बँकेतून काढायला सांगा, आणि आठवेल तसं त्याच्यासमोर बसून लिहून घ्या. थोडी तफावत निघेल, निघतेच. आकडा लहान असेल तर ‘हिशोब न लागलेली रक्कम’ असा एक रकाना करून ती तशीच वाचा. मोठा असेल तर त्याला परतफेडीची तारीख त्यालाच सांगू द्या आणि लेखी घ्या. नव्या ठरावावर बोलायची पहिली संधीही त्यालाच द्या. पुस्तक नसताना, खातं नसताना, तीन कामांचे पैसे एकट्याने सांभाळताना कुठे कुठे चुकतं हे सभेत त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसेल.